थकलेली कर्जं आणि अमेरिकी सिक्युरिटी क्लिअरन्स: पहिल्या यादीपासून शेवटच्या पावतीपर्यंत

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय, व्हर्जिनिया किंवा मेरीलँडमधली एखादी संरक्षण कंत्राटदार कंपनी नोकरी द्यायला तयार आहे, आणि अट एकच आहे: सिक्युरिटी क्लिअरन्स. पण मधे नोकरी गेली होती तेव्हाचं एक क्रेडिट कार्ड अजून थकलेलं आहे, म्हणून पोटात गोळा आलाय. बसा इथे, मार्ग निघतो. ‘इतके डॉलर थकले की बाद’ असा आकडा नियमांत कुठेही नाही. तिथे तीन गोष्टी बघतात: पैसे का थकले, तुम्ही त्याबद्दल काय केलं आणि ते लपवलं का. या तिन्हींची उत्तरं आपण कागदावर तयार करू. क्रम मात्र सोडू नका, कारण प्रत्येक पायरीवरचा कागद पुढच्या पायरीला लागतो.

आधी टेबलावर हे मांडा:

- मागच्या सात वर्षांतल्या राहत्या पत्त्यांची यादी
- त्याच वर्षांचे टॅक्स रिटर्न, फेडरलचे आणि राज्याचेही
- दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं
- वसुलीवाल्यांची आलेली सगळी पत्रं, न उघडलेलीसुद्धा
- एक रिकामी फाइल आणि एक मोकळा शनिवार

भाग १: काय काय थकलंय ते शोधा

१. तक्ता आखा. सात रकाने करा: देणं कोणाचं, खात्याचे शेवटचे चार आकडे, रक्कम, कधीपासून थकलं, का थकलं, आज काय स्थिती, पुरावा कुठे ठेवलाय.
सांभाळा: ‘का थकलं’ या रकान्यात एकच ओळ लिहा. ‘नोकरी गेली’, ‘आजारपण’, ‘घटस्फोट’ एवढं पुरे. सविस्तर लिहायची जागा पुढे येणार आहे.

२. तीनही क्रेडिट रिपोर्ट काढा. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांचे रिपोर्ट ‘ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम’वर दर आठवड्याला फुकट मिळतात. तिन्ही पीडीएफ तारखेसकट जपून ठेवा.
सांभाळा: मोबाइल ॲपवर दिसणारा स्कोअर इथे कामाचा नाही. आपल्याला खात्यागणिक नोंदी हव्यात. एकाच कंपनीच्या रिपोर्टवरही थांबू नका. एकीकडे असलेली नोंद दुसरीकडे नसते.

३. बिघडलेली खाती तक्त्यात उतरवा. ‘पास्ट ड्यू’, ‘कलेक्शन’, ‘चार्ज-ऑफ’, ‘रिपझेशन’, ‘फोरक्लोजर’ यांपैकी काहीही दिसलं की ते खातं घ्या.
सांभाळा: एकच कर्ज दोनदा दिसू शकतं, एकदा मूळ बँकेच्या नावानं आणि एकदा वसुली कंपनीच्या नावानं. ओळ एकच करा, नावं दोन्ही लिहा. आणि चार्ज-ऑफ दिसलं म्हणून सुटलो असं समजू नका. बँकेनं आपल्या वहीत तोटा दाखवलाय. देणं तुमच्या डोक्यावर आहे तसंच आहे.

४. रिपोर्टवर न दिसणारी देणी आठवून लिहा. दवाखान्याची बिलं, आधीच्या घराचं राहिलेलं भाडं, टोलचा दंड, मधेच सोडलेल्या जिमची फी, सगळं. ५०० डॉलरच्या आतली वैद्यकीय वसुली २०२३पासून या तीन कंपन्यांच्या रिपोर्टवर येतच नाही. इतर बहुतेक जुन्या नोंदी सात वर्षांनी गळतात.
सांभाळा: रिपोर्टवरून गळलं म्हणजे फिटलं, असं नाही. क्लिअरन्ससाठी पुढे भरायचा फॉर्म (एसएफ-८६) तुम्हाला काय झालं ते विचारतो, रिपोर्टवर काय दिसतं ते विचारत नाही.

५. जामीन राहिलेली कर्जं लिहा. मेहुण्याच्या गाडीच्या कर्जावर सही केलीत? मित्राच्या भाडेकरारावर हमी दिलीत? तेही या यादीत येतं, कारण फॉर्म सहकर्जदार आणि जामीनदार या नात्यानं घेतलेली देणीही मागतो.
सांभाळा: घटस्फोटाच्या निकालात ‘हे कर्ज त्यानं फेडायचं’ असं लिहिलेलं असलं तरी बँकेला त्याचं काही नसतं. सामायिक खातं थकलं तर ते तुमच्याही नावावर थकतं.

६. भारतातली बाजू तपासा. एमएससाठी घेतलेलं शैक्षणिक कर्ज, पुण्यात किंवा नाशिकला घेतलेल्या फ्लॅटचं कर्ज, निघताना बंद करायचं राहून गेलेलं क्रेडिट कार्ड. सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवा. फिटलेल्या कर्जाचं ‘नो ड्यूज’ पत्र बँकेकडून घ्या.
सांभाळा: ‘तिकडचं इथे कोणाला कळणार’ हा विचार आत्ताच डोक्यातून काढा. थकबाकीचा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. भारतातलं बँक खातं, घर किंवा जमीन नावावर असेल तर ती माहिती फॉर्मच्या सेक्शन २०मध्ये वेगळी द्यावी लागते. तिची टाचण आत्ताच करून ठेवा.

७. आयआरएसचं अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट उतरवून घ्या. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यात लॉगिन करा आणि सात वर्षांचं, वर्षागणिक घ्या. रिटर्न पोचलं का आणि काही बाकी आहे का, हे तिथे लगेच दिसतं.
सांभाळा: ‘सीपीएनं भरलं असेल’ हा पुरावा नाही. राज्याचा कर वेगळा. ज्या ज्या राज्यात राहिलात किंवा काम केलंत त्या प्रत्येकाचं तपासा.

भाग २: दुरुस्तीला लागा

८. तक्त्यातल्या ओळींचे चार ढीग करा. पहिला: माझं नाहीच किंवा रक्कम चुकीची. दुसरा: सरकारचं देणं, म्हणजे कर, फेडरल विद्यार्थी कर्ज, मुलांची पोटगी. तिसरा: चालू खाती, पण हप्ता डळमळतोय. चौथा: वसुलीत गेलेली जुनी खाती.
सांभाळा: रक्कम मोठी म्हणून ओळ वर घेऊ नका. ढीग कोणता, त्यावर पुढचं काम ठरतं.

९. चुकीच्या नोंदींवर लेखी हरकत घ्या. ज्या रिपोर्टवर चूक आहे त्या कंपनीकडे पुराव्यासकट हरकत नोंदवा. साधारण ३० दिवसांत त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं. चोरलेल्या ओळखीचा मामला असेल तर पोलिसांकडची किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडची (एफटीसी) तक्रार जोडा.
सांभाळा: खऱ्या कर्जांवर सरसकट ‘माझं नाही’ असं ठोकून देऊ नका. हरकतीमागे कागद नसला की तुम्ही टाळाटाळ करताय असंच दिसतं, आणि पुढे तीच हरकत तुमच्यासमोर ठेवली जाते.

१०. वसुली कंपनीकडून कर्जाची खातरजमा मागा. कंपनीची पहिली तपशीलवार नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी केलीत, तर खुलासा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. नोटीस जुनी असली तरी पत्र पाठवा. मूळ देणं कोणाचं आणि किती, हे कागदावर आलेलं बरं.
सांभाळा: फोनवर घाईनं पाच-दहा डॉलर भरू नका. बऱ्याच राज्यांत छोट्याशा हप्त्यानंही दाव्याची मुदत नव्यानं सुरू होते. उलट, ‘मुदत टळली, आता देत नाही’ एवढ्यावर क्लिअरन्सचं कामही भागत नाही. मुदत टळलेलं मोठं कर्ज असेल तर आधी वकिलाशी बोला.

११. राहिलेले टॅक्स रिटर्न भरा. सगळे, आजच कामाला लागून. पैसे नसले तरी रिटर्न भरा.
सांभाळा: ‘पैसे जमले की रिटर्न भरू’ इथे भलेभले घसरतात. रिटर्न न भरणं आणि कर न भरणं या दोन वेगळ्या चुका धरल्या जातात. परतावा येणार होता म्हणून रिटर्न भरलं नाही, हेही कारण चालत नाही.

१२. कराच्या बाकीचे हप्ते बांधून घ्या. कर, दंड आणि व्याज मिळून ५०,००० डॉलरपर्यंत बाकी असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावरच अर्ज करता येतो. नाही तर फॉर्म ९४६५ भरा. मंजुरीचं पत्र फाइलला लावा.
सांभाळा: आधीचे सगळे रिटर्न भरलेले नसतील तर हप्ते मंजूर होत नाहीत. म्हणून अकरावी पायरी आधी.

१३. फेडरल विद्यार्थी कर्ज रुळावर आणा. साधारणपणे २७० दिवस हप्ता चुकला की कर्ज डिफॉल्टमध्ये जातं. तिथे गेलेलं असेल तर रिहॅबिलिटेशन मागा: सलग १० महिन्यांच्या काळात ठरलेले ९ हप्ते वेळेवर भरायचे.
सांभाळा: खासगी बँकेच्या विद्यार्थी कर्जाला हा नियम लागू नाही. ते चौथ्या ढिगात टाका.

१४. महिन्याचा हिशेब एका पानावर लिहा. समजा, हातात ५,८०० डॉलर येतात. भाडं २,१००, किराणा ७५०, गाडी-पेट्रोल-विमा ९००, पाळणाघर ९००, फोन-वीज-इंटरनेट ३५० आणि आईबाबांना पाठवायचे २००, मिळून ५,२००. उरले ६००. त्यातले १०० अडीअडचणीला ठेवा, ५०० कर्जाला.
सांभाळा: सहाशेच्या सहाशे हप्त्यात अडकवू नका. गाडीचं टायर फुटलं की हप्ता चुकेल, आणि ठरवून घेतलेला हप्ता चुकणं हे लहान हप्त्यापेक्षा वाईट दिसतं. घरी पाठवायचे पैसे लपवू नका. खरे आकडे असलेलं पानच पुढे टिकतं.

१५. ना-नफा क्रेडिट काउन्सेलरची वेळ घ्या. नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंगच्या सदस्य संस्था शोधा. चौदाव्या पायरीतलं पान सोबत न्या आणि भेट झाल्याचं पत्र किंवा प्रमाणपत्र मागून घ्या.
सांभाळा: ‘आधी फी भरा, मग कर्ज अर्ध्यावर आणतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. फोनवरून अशी सेवा विकणाऱ्यांना काम होण्याआधी फी घ्यायला मनाई आहे. ‘सगळे हप्ते बंद करा’ असा सल्ला मिळाला तर उठून बाहेर या. त्यानं चालू खातीही थकतील. दिवाळखोरी हा कायदेशीर मार्ग आहे आणि त्यानं दार आपोआप बंद होत नाही, पण तो निर्णय वकिलाला विचारूनच घ्या.

१६. फेडायचा क्रम ठरवा. पहिला मान चालू खात्यांचा: नवी थकबाकी एकही नको. मग सरकारी देणी. मग जुनी खाती एकेक करून, लहान रकमेपासून.
सांभाळा: सगळं एकदम फिटलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. पटण्याजोगी योजना आणि तिच्याप्रमाणे खरोखर भरलेले हप्ते, हे बघतात. ‘नोकरी लागली की फेडीन’ या वचनाला मात्र फारसं वजन नाही.

१७. प्रत्येक तडजोड लेखी घ्या. वसुली कंपनी ४,००० डॉलरऐवजी २,२०० वर तयार झाली? छान. रक्कम, तारखा आणि ‘यानंतर काही बाकी नाही’ हे वाक्य असलेलं पत्र आधी हातात घ्या.
सांभाळा: पत्र येईपर्यंत एक डॉलरही पाठवू नका. फोनवरचं बोलणं पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही.

१८. माग राहील अशा तऱ्हेनं पैसे भरा. बँकेतून ट्रान्सफर करा किंवा चेक द्या, आणि प्रत्येक हप्त्याची पावती त्याच दिवशी फाइलला लावा.
सांभाळा: वसुली कंपनीला आपल्या खात्यातून हवं तेव्हा पैसे ओढायची परवानगी देऊ नका. भावाकडून रोख उसने घेऊन फेडलंत तर ते उसने पैसेही तक्त्यात लिहा.

१९. खातं मिटल्याचं पत्र मागा. शेवटचा हप्ता गेला की ‘बाकी शून्य’ असं लेखी आलंच पाहिजे. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून नोंद बदलली का ते बघा.
सांभाळा: वसुली कंपन्या बंद पडतात, नावं बदलतात, खाती पुढे विकतात. वर्षानंतर पत्र मागायला गेलात तर दार सापडणार नाही.

२०. माफ झालेल्या रकमेचा कर तपासा. ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १०९९-सी हा फॉर्म येऊ शकतो, आणि ती रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. त्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती का? मग कर सल्लागाराला फॉर्म ९८२ बद्दल विचारा.
सांभाळा: हा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकलात तर जुनं कर्ज मिटून नवी कराची बाकी उभी राहते.

भाग ३: फॉर्म भरा

हा फॉर्म मनानं भरता येत नाही. कंपनीनं किंवा सरकारी खात्यानं तुमचं नाव पुढे केलं की एसएफ-८६ भरायला ई-ॲप या ऑनलाइन यंत्रणेची लिंक येते. आली? बसा आता, फाइल उजव्या हाताला ठेवा.

२१. क्रेडिट फ्रीझ उठवा. तिन्ही कंपन्यांकडे लॉगिन करून फ्रीझ तात्पुरतं काढा.
सांभाळा: फ्रीझ असलं की तपासणाऱ्यांना रिपोर्ट मिळत नाही आणि तुमचीच फाइल अडकते.

२२. सेक्शन २६ मधला प्रत्येक प्रश्न तक्ता समोर ठेवून वाचा. सात वर्षांतली दिवाळखोरी, न भरलेला कर किंवा रिटर्न, वसुलीत गेलेली खाती, जप्त झालेली गाडी, पगारातून झालेली जबरी कपात, भाडं थकल्यानं सोडावं लागलेलं घर, १२० दिवसांहून जास्त थकलेलं कुठलंही देणं. आज फिटलेलं असलं तरी सात वर्षांत घडलं असेल तर उत्तर ‘होय’.
सांभाळा: सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. थकबाकीचा खुलासा करता येतो. मुद्दाम लिहिलेल्या ‘नाही’चा करणं फार कठीण जातं. तिथे प्रश्न पैशांचा न राहता प्रामाणिकपणाचा होतो, आणि फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हा आहे.

२३. प्रत्येक ‘होय’खाली चार वाक्यांचा खुलासा लिहा. काय झालं, का झालं, मी काय केलं, आज काय स्थिती. उदाहरणार्थ: ‘मार्च २०२३मध्ये नोकरी गेली आणि पाच महिने पगार नव्हता. त्या काळात या कार्डाचे हप्ते थांबले. ऑगस्टमध्ये नवी नोकरी लागली आणि त्यानंतर बँकेशी हप्ते ठरवले. दरमहा १५० डॉलर भरतो आहे, पावत्या माझ्याकडे आहेत.’ हेच इंग्रजीत, याच बेतानं लिहा.
सांभाळा: बँकेला, जुन्या मालकाला किंवा नवऱ्याला-बायकोला दोष देणारं एकही वाक्य नको. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ची खूण करा, मनानं नेमकी तारीख ठोकू नका.

२४. सही करण्याआधी पूर्ण फॉर्मची प्रत उतरवून घ्या. मग एकदा मोठ्यानं वाचा, आकडे तक्त्याशी पडताळा आणि मगच पाठवा.
सांभाळा: प्रत न ठेवता पाठवलंत तर सहा महिन्यांनी मुलाखतीत आपणच काय लिहिलं ते आठवत बसाल.

भाग ४: मुलाखत द्या

२५. मुलाखतीच्या आदल्या दिवशी फाइल ताजी करा. त्या महिन्यापर्यंतच्या पावत्या, नवा क्रेडिट रिपोर्ट आणि चौदाव्या पायरीतलं पान.
सांभाळा: फॉर्म भरताना लावलेल्या पावत्यांवर थांबू नका. मधले महिने कोरे दिसले की हप्ते बंद पडले असंच वाटतं.

२६. तपास अधिकाऱ्याचं ओळखपत्र बघा आणि विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. एखादं कर्ज फॉर्ममध्ये राहून गेलं असेल तर त्यानं विषय काढायच्या आधी तुम्हीच सांगा.
सांभाळा: हा अधिकारी माहिती गोळा करतो, निर्णय दुसरीकडे होतो. म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि त्याच्याकडून निकालही काढून घ्यायला जाऊ नका. क्लिअरन्ससाठी कोणी पैसे मागितले तर तो ठग आहे.

भाग ५: कारणांची नोटीस आली तर

थकबाकीवरून शंका उरली तर ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ नावाची नोटीस येते. क्लिअरन्स गेलं असं नाही. तुमची बाजू मांडायची पाळी आली आहे.

२७. मुदत कॅलेंडरवर लिहा. संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कर्मचाऱ्यांना उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. नोटिशीत जी मुदत असेल तीच तुमची.
सांभाळा: मुदत अपुरी वाटली तर ती टळण्याआधी लेखी वाढ मागा. गप्प बसलात तर विषय तुमच्याविना संपतो.

२८. प्रत्येक आरोपापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहा. १अ, १ब, १क, ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं.
सांभाळा: सगळ्यांना मिळून एकच गोळाबेरीज उत्तर देऊ नका. कर्ज होतं पण फिटलं, तर ‘मान्य’ लिहून पुढे फेडल्याचा पुरावा द्या.

२९. प्रत्येक उत्तराला त्याचा कागद जोडा. क्लिअरन्स ठरवायच्या नियमावलीत पैशांविषयीची गाइडलाइन एफ आहे; तिच्या परिच्छेद २०मध्ये तुमच्या बाजूनं धरायच्या बाबी दिल्या आहेत. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट असं हाताबाहेरचं कारण: तिथे नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं. काउन्सेलिंग: पंधराव्या पायरीतलं पत्र. प्रामाणिक परतफेड: करार आणि पावत्या. खरी हरकत: नवव्या पायरीतले कागद. कराचे हप्ते: बाराव्या पायरीतली मंजुरी.
सांभाळा: हाताबाहेरचं कारण एकटं पुरत नाही. त्या काळात तुम्ही बँकेला कळवलं का, थोडं तरी भरलं का, हेही दाखवावं लागतं.

३०. सुनावणी हवी की कागदांवर निर्णय हवा, ते ठरवा. सुनावणीत प्रशासकीय न्यायाधीशासमोर स्वतः बोलता येतं, साक्षीदार आणता येतात आणि स्वखर्चानं वकीलही. कागदांवरचा मार्ग घेतलात तर सरकारी बाजूची फाइल मिळाल्यावर उत्तराला ३० दिवस मिळतात.
सांभाळा: त्या ३० दिवसांत काहीच न पाठवणं म्हणजे सामना सोडून देणं. आणि ‘अपिलात दाखवू’ म्हणून एकही कागद मागे ठेवू नका; अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही.

भाग ६: क्लिअरन्स मिळाल्यावर

३१. सगळे हप्ते ऑटोपेवर टाका. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख द्या आणि महिन्यातून एकदा खातं उघडून खरंच गेले का ते बघा.
सांभाळा: आता तपासणी दर काही वर्षांनी एकदा होत नाही, क्रेडिटच्या नोंदींवर सतत लक्ष असतं. कार्डाची मुदत संपून ऑटोपे गुपचूप बंद पडतं, तिकडे नजर ठेवा.

३२. काही बिघडलं तर कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लगेच लेखी कळवा. १२० दिवसांहून जास्त थकलेलं देणं आणि दिवाळखोरी कळवावीच लागते. टॉप सीक्रेट क्लिअरन्स असेल तर १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम अचानक आली तरी कळवायची. कोल्हापूरचं वडिलोपार्जित घर विकून आलेला तुमचा वाटासुद्धा त्यात आला, विक्रीच्या कागदांसकट.
सांभाळा: १२० वा दिवस उजाडायची वाट बघू नका. दुसरा हप्ता चुकतोय असं दिसलं की कळवा आणि सोबत पुढचा बेत द्या. तुमचा ईमेल त्यांच्या यंत्रणेतल्या नोंदीच्या आधी पोचला तर पुढचं बोलणं फार सोपं जातं.